जहाज महालातली झोप

गेल्या डिसेंबरात देवासहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, बँक नोट प्रेसमधून नुकताच निवृत्त झालेला. "आम्ही सगळे गोव्यात येतोय. मी, वहिनी, मुलगा-सून, दोन्ही नातवंडं." मी म्हटलं, "या ना, वरची खोली रिकामीच आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "नाही रे, पोराने रिसॉर्ट बुक केलंय. अगदी समुद्रावर आहे म्हणे. उलट तुम्हीच या. तुमच्यासाठीपण एक रूम घेतलीय त्याने, दोन रात्री."

खरं सांगतो, राग आला. गावात भावाचं घर असताना हॉटेलात उतरायचं, आणि वर त्या भावालाच तिथे राहायला बोलवायचं! जन्म गोव्यात गेला, पंचेचाळिशी उलटली, पण असल्या रिसॉर्टच्या आत मी आजवर एकदाच गेलो होतो, तेही ऑफिसची फाईल काखेत घेऊन स्वागतकक्षापर्यंत. आमच्यासारख्या कारकुनाला रिसॉर्ट म्हणजे बाहेरून दिसणारी लांबलचक भिंत. मी नाही म्हणणार होतो. पण बायको शेजारून म्हणाली, "जाऊ या की." इतक्या चटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिलो. त्या चटकनपणाचा विचार पुढे बरेच दिवस करत होतो, आणि हा लेख त्यातूनच आला आहे.

आधी देवासबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे पुष्कळांना ते गाव फक्त कुमार गंधर्वांमुळे ठाऊक असतं. पेशव्यांबरोबर माळव्यात गेलेल्या पवारांनी धार आणि देवास इथे संस्थानं उभी केली. देवासची तर गंमतच. तुकोजी आणि जिवाजी हे दोन भाऊ, म्हणून एकाच गावात दोन संस्थानं: थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन झाली, पण त्या पवारांच्या मागून गेलेली मराठी घरं तिथेच राहिली. माझ्या आत्येचं लग्न अशाच एका घरात झालं. यजमान शाळेत शिक्षक. घर टेकडीच्या पायथ्याशी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली आत्येची चूल.

आम्ही लहानपणी मे महिन्यात तिकडे जायचो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्याआधीची ही गोष्ट. बसने मुंबई, मग रात्रीची अवंतिका. बॅगेत आत्येसाठी सोलं आणि सुकं गालमो. त्या वासाने डब्यातली माणसं आमच्याकडे कशी बघायची ते मी अजून विसरलेलो नाही. देवासला उतरलं की पंधरा-सोळा माणसं घरात. पोहे-जिलबी, दुपारी दाल-बाफले, रात्री पुन्हा सगळं. पाहुणचार म्हणजे काय ते मी देवासला शिकलो, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. ऑफिसातही सांगतो, "हल्ली कुणी कुणाकडे राहत नाही हो, नाहीतर आमची आत्या..." असं.

एका वर्षी मांडू बघायला गेलो. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, आणि धारहून मांडू साधारण ३५ किलोमीटर. (धारचा किल्ला बसमधून दाखवत आत्येच्या यजमानांनी सांगितलं होतं की दुसरा बाजीराव इथे जन्मला. राघोबादादांची आनंदीबाई दिवस गेलेल्या अवस्थेत तिथे आश्रयाला होती, सन १७७५. त्या पाहुणचारापायी धारकरांना वेढा सोसावा लागला. मास्तर होते, प्रवासातही तास घ्यायचे.) मांडूचा जहाज महाल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मध्ये सुमारे १२० मीटर लांबीची अरुंद इमारत. तळी भरली की ती पाण्यात नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते. बांधली ती गियासुद्दीन खलजीने असं मानतात. त्याचा काळ १४६९ ते १५००. गच्चीवर छत्र्या, पोहायचं कुंड, वळणावळणाच्या पन्हळीतून खेळवत आणलेलं पाणी. मांडूचं त्या वेळचं नाव शादियाबाद, म्हणजे आनंदाचं शहर. जहांगीर बादशहा १६१७ मध्ये इथे आला आणि आख्खा पावसाळा इथेच राहिला. समुद्रापासून इतक्या लांब, माळव्याच्या पठारावर, माणसांनी पाणी अडवून त्यात दगडी जहाज उभं केलं आणि वर बसून मजा केली. आजचा रिसॉर्टवाला याहून वेगळं काय करतो?

त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं? आत्या झोपली होती. आदल्या रात्री दोनपर्यंत ती दशम्या भाजत होती, बारा माणसांचा डबा बांधत होती. पहाटे आमच्या आधी उठून चहा. मांडूला पोचल्यावर डबा वाढला, भांडी गोळा केली आणि जहाज महालाच्या गच्चीवर एका छत्रीच्या सावलीत पिशवी उशाला घेऊन ती आडवी झाली. आम्ही पोरं धावत होतो, गोरखचिंचेच्या फळांसाठी भांडत होतो, मास्तर इतिहास सांगत होते. ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. परत निघताना कुणीतरी हसून म्हणालं, "हिला मांडू काही दिसलंच नाही." ती पण हसली. मीही तेव्हा हसलोच असणार.

याच गियासुद्दीनच्या दरबारात 'निमतनामा' नावाचं पाककृतींचं सचित्र पुस्तक सुरू झालं. त्याची हस्तलिखित प्रत आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली चित्रं मी पाहिली ती छापील आणि संगणकाच्या पडद्यावर. समोसे, खीर, अत्तरं, सगळी चैन. चित्राचा नमुना बहुतेक ठरलेला. सुलतान मिशा राखून निवांत बसला आहे, आणि भोवती रांधणाऱ्या, ढवळणाऱ्या, आणून देणाऱ्या बायका. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात मला एकदम आमच्या देवासच्या ओसरीवरची सकाळ दिसली. फक्त सुलतानाच्या जागी आम्ही आठ-दहा जण होतो.

माळव्याच्या हवेचंही तेच. देवासची कोरडी हवा चांगली म्हणून क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे आले आणि कितीतरी वर्षं अंथरुणावर होते. त्या खाटेवरून ऐकलेल्या माळवी लोकगीतांतून पुढे त्यांचं गाणं कसं उभं राहिलं, यावर आपण भरभरून बोलतो. बोलावंच. पण ती खाट ज्यांनी सांभाळली त्या भानुमतीबाईंचं नाव आपल्या बोलण्यात किती वेळा येतं? हवापालट एकाची होते, आणि त्या हवेत दुसरं कुणीतरी पाणी भरत असतं.

असो. रिसॉर्टवर येतो. दारात एका मुलीने माझ्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली आणि म्हणाली, "वेलकम टू गोवा!" मी सवयीने "देव बरें करूं" म्हटलं. ती गोड हसली. मणिपूरची होती, तिला काय कळणार. मग बॅटरीवरच्या गाडीतून खोलीपर्यंत. टॉवेलचे हंस. लहान मुलांसाठी वेगळा क्लब, वेगळा तलाव, तासातासाला कार्यक्रम. आमच्या मुलीची आणि दादाच्या नातवंडांची आधी धड ओळखही नव्हती, पण दोन तासांत तिघं पाण्यात एकत्र. सकाळच्या न्याहारीला शंभरएक पदार्थ असतील, त्यात चक्क इंदोरी पोहे. देवासची नातवंडं गोव्यात येऊन तेच खात होती. दादाने एक घास घेतला आणि म्हणाला, "जिरावण नाही यार."

हे सगळं मी जरा कुत्सितपणेच बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसलेली दिसली. साठीच्या जवळ आलेली बाई. हातात काही नाही. पुस्तक नाही, मोबाईल नाही, निवडायची भाजी नाही. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाली, "काही नाही." मग थोड्या वेळाने आपणहून बोलली. "आज सकाळी जाग आली ना, आणि पहिल्यांदा असं झालं की आज काय करायचं हे मला ठरवायचंच नव्हतं. आई गेल्यावर घरात आल्यागेल्याचं सगळं माझ्याचकडे. माहेरी गेले तरी तेच, तिथे भावजय राबते आणि मला बसवत नाही." माझी बायको शेजारच्या खुर्चीत होती. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. आमची वरची खोली रिकामी आहे असं मी फोनवर किती मोठ्या मनाने सांगितलं होतं! त्या खोलीतल्या सहा माणसांना चार दिवस रांधून वाढणार कोण होतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तिला पडला होता, आणि उत्तरही माहीत होतं.

म्हणून आता मला असं वाटतं की हरवलेल्या पाहुणचाराबद्दल गळा काढायचा अधिकार आम्हा पुरुषांना जरा कमीच आहे. आम्ही पाहुणचाराचे साक्षीदार, फार तर लाभार्थी. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव, ज्यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खाजगी सचिव म्हणून राहिला आणि ज्यांच्यावर त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' प्रसिद्ध केलं, ते सढळ हाताचे राजे. शेवटी संस्थान कर्जात बुडालं आणि महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला जाऊन राहिले ते परत आलेच नाहीत. १९३७ मध्ये तिथेच समुद्रकाठी वारले. दौलतीबाहेर पाहुणचार केला की राजाच्या खात्यावर कर्ज दिसतं, त्याची चौकशी होते. घरातल्या बाईच्या खात्याचा हिशेब कुणी मागितला?

कुणी म्हणेल, काम काही नाहीसं झालं नाही, वहिनीचं काम त्या हंस करणाऱ्या मुलीवर गेलं. खरं आहे. ती मुलगी घरापासून हजारो मैल लांब आहे आणि तिच्या पगाराचा आकडा मला ठाऊक नाही. पण तिला पगार आहे आणि आठवड्याची सुट्टी आहे. आत्येला दोन्ही नव्हतं.

याचा अर्थ मी रिसॉर्टचा भाट झालो असा नाही. एक गोष्ट सलते ती सांगतोच. दुसऱ्या दिवशी पहाटे दादाला घेऊन मी वाळूतून लांबवर चालत गेलो. आत्येला समुद्र फार आवडायचा, त्या बोलण्यात वेळ गेला. दादा घोटाभर पाण्यात बराच वेळ नुसता उभा होता. परत येताना पहारेकऱ्याने दादाला सलाम ठोकला आणि मला अडवलं. "किधर जाना है?" मनगटावरचा पट्टा मी बांधला नव्हता, आणि बहुधा मी इथलाच दिसत होतो. दादा म्हणाला, "हमारे साथ है." तेव्हा कुठे सुटलो. माझ्याच किनाऱ्यावर देवासच्या भावाची ओळख लागली! दोनापावलाच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेसाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. किनारा सगळ्यांचा, हे कागदावर कधीच ठरलं आहे. वाळूवर मात्र पट्टा बघतात. बाईला चार दिवस विश्रांती मिळावी म्हणून गावकऱ्याची वाट अडवावी लागते, हे मला पटत नाही. ते दोन वेगळे विषय आहेत आणि रिसॉर्टवाल्यांनी ते सोयीने एकाच भिंतीत बांधले आहेत.

आणि ती नातवंडं चार दिवस गोव्यात राहून गेली, पण आमचं घर त्यांनी पाहिलं ते निघायच्या दिवशी, विमानतळावर जाताना, अर्धा तास. धाकट्याने विहिरीत वाकून बघितलं आणि विचारलं, "इसमें स्विमिंग करते हैं?" हेही मला लागलंच. नाही म्हणणार नाही.

तर आता येत्या ऑगस्टात आम्ही तिकडे जायचं ठरलं आहे. एलटीसीचा फॉर्म भरून टेबलावर पडला आहे. मांडू पावसात बघायचं, तळी भरलेली असताना. परवा वहिनीचा फोन आला. मी सावधपणे म्हटलं, "मांडूला टुरिझमचं रिसॉर्ट आहे, तिथेच उतरू या का सगळे?" ती म्हणाली, "एक रात्र तिथे. बाकी घरीच यायचं, मुलीला टेकडी दाखवायची आहे मला. पण ऐका, ते चार दिवस स्वैपाकाला बाई सांगितली आहे. आणि मांडूला डबा न्यायचा नाही."

मागून दादा ओरडला, "डब्याशिवाय मांडू? अगं, मग तिथे खायचं काय?"

"ते तुम्ही दोघं भाऊ बघा," वहिनी म्हणाली आणि फोन माझ्या बायकोला द्यायला सांगितला.