आकाशातील रेषा आणि जमिनीवरील जबाबदारी

शेताला कुंपण घालता येते, आकाशाला घालता येत नाही. तेथील हद्द म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेषा आणि तिच्याशेजारी लिहिलेला उंचीचा आकडा. लष्करी यानाने ती हद्द ओलांडली आणि पलीकडे उतारूंनी भरलेले विमान असले, म्हणजे काय अनर्थ ओढवतो हे अमेरिकेच्या राजधानीने २९ जानेवारी २०२५ च्या रात्री पाहिले. विचिटाहून ६४ जणांना घेऊन आलेले विमान वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. त्याची आणि लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची टक्कर झाली व दोन्ही पोटोमॅक नदीत कोसळली. हेलिकॉप्टरमधील तिघे धरून ६७ माणसे गेली. एकही वाचला नाही.

हेलिकॉप्टरला त्या ठिकाणी २०० फुटांची मर्यादा घालून दिलेली होती. ते २७८ फुटांवर होते. एवढे कळताच सारा दोष मृत वैमानिकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही! परंतु तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. हेलिकॉप्टरने मर्यादा तंतोतंत पाळली असती, तरीही त्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाच्या आणि त्याच्या दरम्यान अवघे ७५ फूट अंतर उरण्याचा संभव होता. शिवाय त्याच जातीच्या इतर हेलिकॉप्टरांची उंचीमापके तपासली, तेव्हा त्यांत शंभर फुटांच्या आसपास फरक आढळला. ज्या वाटेवर ७५ फुटांवर प्राण टांगलेले, त्या वाटेवर शंभर फुटांनी चुकणारा काटा! असा मार्ग आखणाऱ्यांना निर्दोष कोण म्हणेल?

धोक्याची खूण दिसली नव्हती असेही नाही. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ प्रवासी विमाने आणि हेलिकॉप्टरे एकमेकांच्या नको इतकी जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदले गेले होते. त्यांपैकी ८५ तर अतिशय निकटचे होते. ही माहिती सरकारी दप्तरातच होती. ती वाचून वेळीच कोणी हालले असते, तर ६७ घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला नसता. टकरीच्या ठिकाणचा हेलिकॉप्टर मार्ग कायमचा बंद झाला तो मार्च २०२५ मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट मे महिन्यात उघड झाली. विमानतळाचा नियंत्रण मनोरा आणि लष्करी मुख्यालय पेंटागॉन यांना जोडणारा थेट दूरध्वनी मार्च २०२२ पासून बंदच पडलेला होता! एकाच आकाशाचे दोन धनी, आणि त्यांच्यात बोलणे नाही.

जपानने हा धडा अर्धशतकापूर्वीच रक्ताने लिहून ठेवला होता. ३० जुलै १९७१ रोजी सरावासाठी निघालेली दोन लढाऊ विमाने प्रवासी विमानांच्या मार्गात शिरली आणि शिझुकुइशी गावाच्या आकाशात त्यांपैकी एक ऑल निप्पॉन कंपनीच्या विमानावर आदळले. १६२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महायुद्धात आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांतील लोक मोठ्या संख्येने होते. शत्रूच्या युद्धाने एकदा लुटलेल्यांना स्वदेशाच्या सैन्याच्या सरावाने दुसऱ्यांदा लुटले. परंतु त्यानंतर जे घडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. संरक्षण खात्याचे प्रमुख केइकिची मासुहारा यांनी पद सोडले. न्यायालयाने शिकाऊ वैमानिकाला निर्दोष ठरविले आणि दोषी ठरविले ते त्याला तेथवर नेणाऱ्या शिक्षकाला. जबाबदारी खाली ढकलली गेली नाही, वर चढली.

हे सारे परदेशचे म्हणून आम्ही कानाआड करावे काय? गोव्याचा दाभोळी विमानतळ नौदलाच्या तळावर उभा आहे, पुण्याचा लोहगाव वायुदलाच्या तळावर. आमच्या सांबऱ्यातही वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आणि प्रवासी विमानतळ शेजारी शेजारी आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन परदेशी विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. एका विमानाने नेमून दिलेली उंची सोडली हे तात्कालिक कारण खरे. पण दिल्लीच्या आकाशाचा बराच भाग वायुदलाकडे राखीव असल्याने येणारी आणि जाणारी विमाने एकाच अरुंद वाटेने समोरासमोर धाडली जात होती, हेही तितकेच खरे.

सैनिकाला सराव हवाच. त्याच्या शौर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. संरक्षणाच्या काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हेही आम्ही जाणतो. परंतु किती वेळा दोन विमाने धोक्याच्या अंतरावर आली, हा आकडा शत्रूपेक्षा उतारूंच्या उपयोगाचा आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. लष्कर आणि प्रवासी वाहतूक यांचा जेथे जेथे शेजार आहे, तेथे दोघांच्या नियंत्रकांत अखंड संपर्क असावा. लष्करी यानांची चूकही प्रवासी विमानांच्या चुकीइतक्याच काटेकोरपणे नोंदली जावी. आणि अशा प्रसंगांची संख्या दरवर्षी विमानतळवार लोकांपुढे यावी. रेषा ओढण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने ती रेषा राखण्याचे उत्तरदायित्वही पत्करले पाहिजे. प्रेते मोजण्यापूर्वी हुकलेले अपघात मोजा, एवढेच आमचे सांगणे आहे.