मासे पाळणाऱ्याशी आपण बोलायचं की नाही?



आमच्याकडे दूध घालणारे भाऊ भोकरदनजवळच्या खेड्यातले. त्यांनी शेततळ्यात मासे सोडलेत हे मला माहीत होतं, पण आमच्या दारात तो विषय निघत नसे. मागच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून होतं. त्या दिवशी ते उशिरा आले आणि न राहवून म्हणाले, "काकू, तुम्हाला सांगू नये, पण पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. बरेच मेले."

मी "अरेरे" म्हणून दूध आत नेलं. संध्याकाळी प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाणी तोडणं. इतकी वर्षं म्हणतेय, पण यात जिवे मारणं नाहीच, हे त्या दिवशी ध्यानात आलं. इथे वध म्हणजे मारझोड. जीव घेणं हा तर व्रताचा भंगच. हे पाच दोष पाळलेल्या मुक्या जिवाला कसं वागवतो, त्याचे आहेत. गाय-बैल डोळ्यांपुढे ठेवून आपण ते शिकलो. पण मासाही पंचेंद्रियच. त्याला ते लागू का नसावेत?

मग मी भाऊंना विचारलं, थोडं वाचलं. आपल्या जालना जिल्ह्यात शेततळी पुष्कळ. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. अशा तळ्यांत कटला, रोहू, मृगळ सोडतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मासे मात्र तेवढेच, शिवाय अंगाने वाढलेले. हाच अतिभार. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री उलट तोच वापरतं. त्यामुळे पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी, आणि ढगाळ दिवसांत आणखी कमी. जास्तीची पेंड कुजली की तीही प्राणवायू खाते. भाऊंना पेंडीचा भाव तोंडपाठ होता, पण पहाटेच का मरतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

उपाय साधे आहेत. बोटुकली बेताने सोडावी. तिची पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवून, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झाल्यावरच उघडावी. आभाळ असेल तेव्हा खाद्य थांबवावं. मासे वर येऊ लागले की मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडावं.

कायदाही वेगळं सांगत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी. जादा ओझं लादणं, अपुऱ्या जागेत कोंडणं, अन्नपाणी न देणं हे त्यात गुन्हे आहेत. आपल्या अतिचारांशी किती जुळतं बघा!

आमच्या स्थानकातल्या एक ताई म्हणाल्या, "हे सांगणं म्हणजे त्या धंद्याची अनुमोदना." ही शंका मलाही होती. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्ही दोषच. मी भाऊंना मासे पाळा म्हणणार नाही, आणि त्यांनी विचारलं तर सोडा असंच म्हणेन. आपलं शेततळं कुणी माशांसाठी भाड्याने मागितलं, तर देऊ नये. पण ते आज मासे सोडून देणार नाहीत, आणि उद्या पहाटे ते जीव तडफडणारच. ती तडफड कमी कशी होईल हे ठाऊक असून गप्प राहणं, याला मी अनुकंपा म्हणू शकत नाही. आपण पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणारी माणसं. न दिसणाऱ्या जिवासाठी एवढं करतो, मग दिसणाऱ्यासाठी दोन शब्द का नकोत?

मासे शेवटी कसे मारतात, ते मात्र माझ्याने विचारवलं नाही. तो माझा कमकुवतपणा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.