पेशंटबरोबर गोळ्यांची पिशवीही पुण्याला न्या. पण ती तपासणारा फार्मासिस्ट वॉर्डात कधी येणार?

पुणे : जुन्नर, भोर, पुरंदरकडचा पेशंट सिरीयस झाला की गाडी थेट पुण्याला निघते. ससून असो की खाजगी दवाखाना, ॲडमिट करताना विचारतातच, "आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आपलं उत्तर ठरलेलं, "बीपीची एक पांढरी, शुगरची एक. नाव नाय माहीत."

चुलत्यांना ॲडमिट केलं तेव्हा माझंही तेच झालं. गोळ्या घरीच राहिल्या. रात्री शेजाऱ्याला पाकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला लावले. त्यात रक्त पातळ करायची गोळी निघाली, आणि सकाळी ऑपरेशन होतं! डॉक्टरांनी ते पुढे ढकललं. फोटो आला नसता तर?

दुसरा धोका डबल डोसचा. शुगरची मेटफॉर्मिन वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावानं विकतात. घरची गोळी चालूच आणि दवाखान्यातलीही तीच, असं होऊ शकतं.

डॉक्टर, सिस्टर घाईत असतात. जुन्या गोळ्यांची यादी करून नव्या औषधांशी ताडून पाहणं हे फार्मासिस्टचं शिक्षणच आहे. इंग्लंडमध्ये ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत ही यादी पक्की करावी, अशी तिथल्या आरोग्य यंत्रणेची २०१५ ची सूचना आहे. आपल्याकडे २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा कोर्स आहे. त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यात काढावं लागतं. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत तो शिकवतात. म्हणजे माणसं तयार होतायत. पण आपल्याला फार्मासिस्ट भेटतो तो औषधाच्या खिडकीआडच, खाटेजवळ नाही.

सुरुवात गावातूनही होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी असतात. पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर चालू गोळ्यांची यादी त्यांनी लिहून दिली, तर पुण्यातलं निम्मं काम सोपं होईल. जिल्हा परिषदेनं हे मनावर घ्यावं.

तोवर आपण एवढं करू :
- घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा. नाव आणि पॉवर दिसली पाहिजे.
- काढा, जडीबुटी चालू असेल तर तेही सांगा, लाजू नका.
- मनानं कोणतीच गोळी बंद करू नका.
- ॲडमिट करताना विचारा, "या गोळ्या फार्मासिस्टनी बघितल्या का?"

विचारणारे वाढले, की खिडकीआडचा माणूस वॉर्डात येईल.