छायाचित्रे जातात कोठे?

वाचकहो, रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हाती पडली, की ज्येष्ठ मंडळी उठता उठता एखादी मनातली गोष्ट बोलून दाखवतात. अलीकडे त्यांत एक तक्रार वरचेवर ऐकू येते : ‘मोबाइल बदलला आणि जुने फोटो सगळे गेले.’ त्या फोटोंत दिवंगत जोडीदाराचा अखेरचा वाढदिवस असतो, परदेशी नातवंडाची पहिली पावले असतात, विकून टाकलेल्या घराचे अंगण असते. आरोग्यविषयक सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण वैद्याचा या विषयाशी दोन प्रकारे संबंध येतो.

पहिला संबंध निदानाचा. एका डोळ्याची पापणी खाली ओघळली आहे, असे दिसले की ती या आठवड्यात ओघळली की पंधरा वर्षांपासून तशीच आहे, हे कळणे फार महत्त्वाचे असते. याचे उत्तर पुष्कळदा जुन्या छायाचित्रात मिळते. वाढीच्या संप्रेरकाचे प्रमाण बेसुमार झाल्यास नाक, जबडा, हातापायांचे पंजे मोठे होत जातात; पण इतक्या संथपणे, की रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या ते ध्यानी येत नाही. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला, की फरक डोळ्यांत भरतो. बदलत चाललेला तीळ किंवा मधुमेही पायाची रेंगाळलेली जखम यांचे तारीखवार फोटोही उपचारांत उपयोगी पडतात.

दुसरा संबंध स्मृतीचा. ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या अधिक काळ तग धरतात, ही गोष्ट फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवून ठेवली. सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या आजी माहेरच्या विहिरीचे वर्णन बारकाव्यांसह करतात, ते यामुळेच. पुढे १९६३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी असे मांडले, की वृद्धांनी गतायुष्यात रमणे हे ऱ्हासाचे लक्षण नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची ती एक स्वाभाविक प्रक्रिया आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत जुनी छायाचित्रे पाहण्याची पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. तिने आजार बरा होत नाही आणि लाभही सर्वांना सारखा होत नाही. परंतु अनेक घरांत थांबलेला संवाद त्यामुळे पुन्हा सुरू होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे फोटो जातात कोठे? बहुतेक वेळा ते नष्ट झालेले नसतात, विखुरलेले असतात. नवा मोबाइल घेतला, की जुना पासवर्ड आठवत नाही म्हणून दुकानदार नवे गूगल खाते उघडून देतो. असे तीन मोबाइल झाले, की फोटोंची तीन भांडारे तयार होतात आणि आपण फक्त शेवटच्याचे दार उघडतो. म्हणून पहिला उपाय असा : गूगल फोटोज उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातील गोल खुणेवर बोट टेकवा आणि कोणते खाते चालू आहे ते पाहा. जुने खाते आठवत असल्यास तेथूनच ते जोडता येते. विसरलेले खाते पूर्वी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावरून शोधता येते. म्हणून जुने सिमकार्ड बंद करण्यापूर्वी खात्यात नवा क्रमांक अवश्य नोंदवावा.

दुसरे ठिकाण कचरापेटीचे. गूगल फोटोजमधून काढून टाकलेला फोटो ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ नावाच्या कप्प्यात जातो. त्याची प्रत आधी खात्यात साठवलेली असेल, तर तो तेथे ६० दिवस राहतो. आयफोनमधील ‘रीसेंटली डिलिटेड’ या कप्प्यात साधारण ३० दिवस. या मुदतीत तो परत आणता येतो. ‘अर्काइव्ह’ नावाच्या कप्प्यातही एकदा डोकवावे. चुकून बोट लागून फोटो तेथे गेलेले असतात.

तिसरे ठिकाण आप्तांचे. आपण ज्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, त्या बहिणीकडे, व्याह्यांकडे, शेजाऱ्यांकडे ते अजून असू शकतात. निःसंकोच मागून घ्यावेत.

जुन्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरील फोटो पुसले गेले असतील, तर ते कार्ड त्या क्षणापासून वापरू नये. पुसणे म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडण्यासारखे आहे. त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत पहिले फळीवर असतेच. संगणकावर चालणाऱ्या ‘फोटोरेक’सारख्या विनामूल्य साधनाने असे फोटो पुष्कळदा परत मिळतात. आजच्या मोबाइलच्या अंतर्गत साठ्यातून मात्र अशी सुटका क्वचितच होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘गेलेले फोटो परत आणून देतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी व्यक्तीला आपल्या मोबाइलचा पडदा दूरून पाहू देऊ नये, ओटीपी सांगू नये. आपल्या फोटोंतच आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक असते, हे विसरू नये. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

सापडलेले फोटो एकत्र कसे करावेत? आरंभ कागदापासून करावा. घरातील चालू मोबाइल, कपाटातले बंद मोबाइल, कार्डे, पेन ड्राइव्ह, सीडी, संगणक आणि सर्व खाती यांची यादी करावी. दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून जुनी खाती आधी हाताळावीत. मग सर्व फोटोंचे एकच घर ठरवावे. एखादे खाते किंवा संगणकाला जोडायची हार्ड डिस्क. गूगलच्या एका खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य असते आणि तीत ईमेलही येतात, हे लक्षात घेऊन निवड करावी. सर्व ठिकाणचे फोटो तेथे आणावेत, पण हलवून नव्हे, नक्कल करून. नक्कल नीट उघडते आहे याची खात्री होईपर्यंत मूळ जागेवरचे काहीही पुसू नये.

पुसण्याबाबत आणखी एक गोष्ट ज्येष्ठांनी विशेष ध्यानात ठेवावी. मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी गूगल फोटोजमधून फोटो काढला, तर तो खात्यातूनही जातो. केवळ मोबाइलमधली जागा मोकळी करायची असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ ही वेगळी सोय आहे.

एकाच फोटोच्या अनेक प्रती निघतील. त्यांची छाटणी सर्वांत शेवटी करावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातून कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख निघून जाते. म्हणून मूळ प्रत हाती असेल, तर तीच ठेवावी. सारे जमले, की तीन प्रती असाव्यात : दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, मुलीकडे किंवा खात्यात.

परंतु वाचकहो, एवढे करूनही निम्मेच काम होते. पुसलेला फोटो अनेकदा परत मिळतो. त्यात उजवीकडे उभी असलेली बाई कोण, हे सांगणारी व्यक्ती गेली किंवा तिची स्मृती ओसरली, की ते कोणत्याही यंत्रातून परत मिळत नाही. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझा आग्रह आहे, की वडीलधाऱ्यांना नावे आठवत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे. एका मोबाइलवर फोटो दाखवावा आणि दुसऱ्यावर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. नाव, नाते, गाव, अंदाजे साल एका वहीत उतरवावे. माहितीबरोबर त्यांचा आवाजही जपला जाईल.

ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे, त्यांच्यासोबत फोटो पाहताना थोडे पथ्य पाळावे. शक्यतो सकाळची वेळ निवडावी. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. दहा-बारा फोटो पुरेत, एका वेळी एकच, शक्य तर मोठ्या आकारात छापलेला. ‘ओळखा पाहू, हे कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हे आपले दादा, पंढरपूरला गेलो होतो तेव्हाचे’ असे आपणच सांगावे आणि पुढचे त्यांच्यावर सोडावे. दिवंगत व्यक्तीला पाहून त्या कासावीस झाल्या, तर मृत्यूची बातमी नव्याने सांगत बसू नये. हात हाती घ्यावा, त्या व्यक्तीविषयी चार शब्द बोलू द्यावेत आणि मग दुसरा फोटो काढावा.

शेवटी वैद्य म्हणून एक इशारा. मोबाइलमधला फोटो न सापडणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण नव्हे. तरुणांनाही तो सापडत नाही. मात्र चष्मा, किल्ल्या, पैसे वारंवार हरवू लागले, ‘माझ्या वस्तू कोणीतरी चोरते’ असा संशय घरच्यांवर येऊ लागला, किंवा नेहमीचे व्यवहार जमेनासे झाले, तर वयावर खापर फोडू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचा परिणाम ही उपचार करता येण्याजोगी कारणेही यामागे असू शकतात. तपासणी अवश्य करून घ्यावी.

या पंधरवड्यात सारे भांडार लावायला बसू नका. पाच फोटो निवडा, घरातील सर्वांत वडील व्यक्तीजवळ बसा आणि त्या पाचांतील प्रत्येक चेहऱ्याचे नाव वहीत लिहून घ्या.