पावसाच्या पाण्याचा जाब कोणाला विचारायचा?

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या पोखर्णीत लोक म्हणतात, "चला, नाल्या धुऊन निघाल्या." मला हे वाक्य खटकतं. नाली धुऊन निघाली म्हणजे घाण गेली कुठे? सांडपाणी, शेण, प्लास्टिक, उकिरड्याचा निचरा, कापूस-सोयाबीनवर फवारलेलं औषध, सगळं ओढ्यात जातं आणि तिथून पुढे गोदावरीच्या खोऱ्यात. आपण स्वच्छ झालो, खालच्या गावाची विहीर बिघडली.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे. तिथला स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ चा. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचं वाहून जाणारं पाणीही परवान्याखाली आणलं. १९९० च्या नियमांनी एक लाखाहून मोठ्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी शहरी पट्ट्यातल्या लहान गावांनाही हा परवाना घ्यावा लागला. पाणी कुठे कुठे बाहेर पडतं याचा नकाशा करायचा, चोरून जोडलेले पाइप शोधायचे, बांधकामाची माती रोखायची, लोकांना माहिती द्यायची, त्यांचा सहभाग घ्यायचा आणि केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा. म्हणजे पाऊस आभाळातून पडत असला, तरी त्यात मिसळलेल्या घाणीची जबाबदारी स्थानिक संस्थेची.

आपल्याकडे पावसाच्या पाण्यासाठी असा वेगळा परवाना नाही. पण कायदाच नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नका. १९७४ चा जलप्रदूषण कायदा उघड्या गटारातलं सांडपाणीही मैलापाण्यातच धरतो. दूषित पाणी ओढ्यात किंवा विहिरीत सोडायला त्यात मनाई आहे आणि सोडण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. व्यवहारात मात्र ही संमती कारखाने आणि शहरांपुरती राहते. २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्यातल्या हलगर्जीपणाबद्दल महाराष्ट्राला १२ हजार कोटी रुपयांची भरपाई ठरवली. गावातली नाली या चर्चेत येतच नाही.

ती आणायची कोणी? माझं मत आहे, आपण. मुस्लिम तरुण ग्रामसभेत उठतो तो बहुधा कब्रस्तानाच्या भिंतीसाठी. ती मागणी रास्तच आहे. पण आपण फक्त 'आपल्या' कामासाठी बोललो, तर गावही आपल्याला तेवढ्यापुरतंच ओळखतं. नालीचं पाणी मोहल्ला आणि वाडा असा फरक करत नाही. नृसिंहाच्या दर्शनाला येणारे भाविक आणि आपण एकाच रस्त्यावरचं तेच पाणी तुडवतो. या प्रश्नावर उभं राहणं म्हणजे गावाचा नागरिक म्हणून उभं राहणं.

उपायासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं कमी केली, डासही कमी केले. आपल्याकडे काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, पाणी जिरू देत नाही. म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि त्यात गाळ जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. तो कुठे खर्च झाला, हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जाब विचारायचा तर आधी आपलं अंगण नीट हवं. वजूचं पाणी साबणाशिवायचं असतं. ते नालीत सोडण्याऐवजी मशिदीच्या आवारातल्या झाडांना किंवा शोषखड्ड्याला द्या. कुर्बानीचा कचरा नालीत जाणार नाही, ही जबाबदारी मोहल्ल्यातल्या तरुणांनी घ्यावी.

मग पाच-सहा जणांनी मिळून गावाचा साधा नकाशा काढा. कोणती नाली कुठून निघते, कुठे ओढ्याला मिळते, उकिरडे कुठे आहेत. तो नकाशा घेऊन १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जा आणि काम गावाच्या विकास आराखड्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. ठराव झाला की त्याची नक्कल मागा.