विषमुक्त अन्न कोणासाठी?

सेंद्रिय अन्न प्रकृतीला अधिक हितकर असते काय, आणि त्याने पर्यावरणाचे रक्षण होते काय, असे दोन प्रश्न हल्ली सुशिक्षित मध्यमवर्गात वारंवार विचारले जातात. प्रश्न रास्त आहेत. परंतु ते विचारणारा बहुधा ग्राहक असतो आणि उत्तरही तो स्वतःच्या ताटापुरतेच शोधतो. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात उभे राहून हेच प्रश्न विचारले, तर त्यांचे स्वरूप पार पालटते. येथे पश्चिमेस सातपाटी-मुरब्याची खाडी आहे, तिच्या उत्तरेस बोईसरला लागून औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत आहे, आणि पूर्वेस घाट चढून गेले की जव्हार-मोखाड्याची वरकस जमीन लागते.

प्रथम शास्त्राची साक्ष काढू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले. २०१४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या, ३४३ अभ्यासांवर आधारलेल्या दुसऱ्या आढाव्याने सेंद्रिय पिकांत काही उपकारक द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी असल्याचा निष्कर्ष काढला. फ्रान्समधील सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, सेंद्रिय अन्न नेमाने घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले. ब्रिटनमधील ६ लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगाबाबत तसे काही दिसले नव्हते. शिवाय असे अन्न घेणारा माणूस मुळातच सुस्थितीतला आणि प्रकृतीस जपणारा असतो. त्याच्या आरोग्याचे श्रेय तांदळाला किती आणि त्याच्या मिळकतीला किती द्यावे, हे ठरविणे सोपे नव्हे. म्हणजे खाणाऱ्यापुरता निकाल असा, की लाभ थोडा आणि तोही बराचसा अनिश्चित.

फवारणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही अनिश्चितता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. ग्राहकाच्या ताटात ज्या विषाचा अंश मोजण्यास सूक्ष्म यंत्रे लागतात, ते विष हा मजूर उघड्या पाठीवरच्या पंपातून अंगावर सांडून घेत असतो. त्याच्याही मागे कारखान्यातील कामगार उभा आहे. तारापूरच्या वसाहतीत कीटकनाशके, रंग आणि औषधांची मूलद्रव्ये तयार होतात. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला; ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगार दगावले. सेंद्रिय शेतीच्या आरोग्यविषयक लाभाचा हिशेब मांडताना ही माणसे कोणत्याच रकान्यात येत नाहीत. आमच्या मते तो हिशेब त्यांच्यापासून सुरू व्हावयास हवा.

आता बोईसरच्या आसपासच्या शेतकऱ्याकडे वळू. त्याने बांधाच्या आत चिमूटभर युरियाही न टाकण्याचे व्रत घेतले, असे समजा. नाल्याने काय वाहून यावे आणि वाऱ्याने काय उडत यावे, हे त्याच्या हाती नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरने १०० पैकी ९३.६९ गुण मिळवून देशातील औद्योगिक क्षेत्रांत प्रथम क्रमांक पटकावला. परीक्षा अर्थातच प्रदूषणाची होती. वसाहतीचे जुने सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दररोज अडीच कोटी लिटर क्षमतेचे, आणि येणारे पाणी त्याहून अधिक. वाढीव क्षमतेचे नवे केंद्र उभारण्याच्या गोष्टी कारखाने वाढून कित्येक वर्षे लोटल्यावर निघाल्या. पेरणी आधी करून बांध मागाहून घालण्याचा हा प्रकार होता. सेंद्रिय प्रमाणपत्राची व्यवस्था मुख्यतः शेतकऱ्याने काय टाकले हे विचारते. शेजाऱ्याच्या उपद्रवापासून रक्षणासाठी पट्टा सोडण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते. ज्याने विष सोडले त्याने पट्टा सोडावा, असे कोणतेच प्रमाणपत्र म्हणत नाही.

समुद्राचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. सातपाटीच्या पापलेटासाठी कोणी कधी खत घातले नाही की फवारणी केली नाही. तरीही नवापूरच्या किनाऱ्याजवळ वसाहतीचे सांडपाणी समुद्रात सोडले जाते, आणि नांदगाव, आलेवाडी, मुरबे, सातपाटी येथील मच्छीमारांना खाडीतील मासा का आटला, हा प्रश्न घेऊन वणवण करावी लागते. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसविणारा आदेश दिला. कोळ्यांच्या एका संघटनेने चिकाटीने चालविलेला हा दावा अन्नशुद्धीसाठी या जिल्ह्यात झालेले सर्वांत मोठे काम होय. त्याला कोणी सेंद्रिय चळवळ म्हणत नाही, हा भाग निराळा.

घाटावर विपर्यास आणखी गडद होतो. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर वारली, कोकणा, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नागली आणि वरई पिकवितात. रासायनिक खत घेण्यास पैसा नाही, म्हणून तेथील बरेचसे धान्य आपोआपच सेंद्रिय असते. शास्त्राने सांगितलेले सगळे गुण त्यात असतील, आणि तरीही याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतरही कुपोषणाने हा मुलूख सोडलेला नाही. दिवाळीनंतर कणगी रिकामी होऊ लागली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे उतरतात. पोटभर नसलेले अन्न निर्विष असून उपयोग किती? शहरात मात्र त्याच नागलीला पाकिटावर शिक्का बसताच चढा भाव येतो. शिक्क्यासाठी वार्षिक पिकांना साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ आणि कागदपत्रांची जंत्री लागते; गटाने हमी देण्याची सोय आहे, परंतु तीही नोंदवह्या ठेवू शकणाऱ्याला. रसायन कधी पाहिलेच नाही, हे सिद्ध करण्याचा भार रसायन न पाहिलेल्यावर, अशी ही न्यायव्यवस्था आहे.

येथे सेंद्रिय शेतीच्या भाबड्या स्तुतिपाठकांशीही आमचा वाद आहे. परंपरेने चालत आले ते सारे निसर्गाला पोषकच असते असे नव्हे. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत रसायनाविना चालते, परंतु तिला झाडांच्या फांद्या आणि शेण जाळावे लागते. (वनखात्याने याच राबाचे निमित्त करून आदिवासींना छळले आणि ठेकेदाराच्या कुऱ्हाडीकडे काणाडोळा केला, हेही विसरता येत नाही.) २०१२ मधील एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय शेतीचे उत्पन्न सरासरीने २५ टक्के कमी भरले, पीक आणि पद्धतीनुसार ही तूट ५ पासून ३४ टक्क्यांपर्यंत होती. ही तूट कोणी सोसावयाची, हे न ठरविता श्रीलंकेच्या सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. उलट, आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, उंबरगाव तालुक्यातील देहरी येथे भास्कर सावे यांनी रसायने टाकून देऊन चौदा एकरांत नारळ-चिकूची समृद्ध बाग उभी केली आणि २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती शेकडो शेतकऱ्यांना दाखविली. हे काम थोर होते. परंतु जमीन सुधारेपर्यंत वाट पाहण्याची ऐपत चौदा एकरवाल्याला असू शकते. एकराच्या तुकड्यावर पाच माणसे पोसणाऱ्याला कोणी तरी हमी दिल्याशिवाय ती येत नाही.

ती हमी सरकारने द्यावी. नागलीला हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. त्या भावाने गावात येऊन माल उचलण्याचे काम आदिवासी विकास महामंडळाने नेमाने करावे, आणि तीच नागली जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत शिजावी. रसायन सोडू इच्छिणाऱ्या लहान शेतकऱ्याला संक्रमणकाळातील तूट रोखीने भरून द्यावी. फवारणी करणाऱ्या मजुराची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक साधने हा मालकाचा उपकार न राहता मजुराचा कायदेशीर हक्क व्हावा. आणि बोईसरच्या नाल्यांतील, नवापूरच्या किनाऱ्यावरील व आसपासच्या शेतांतील पाण्या-मातीची दर तिमाहीस धातूंसाठी तपासणी होऊन तिचा अहवाल मराठीत, लोकांना समजेल अशा शब्दांत, त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. आज तो अहवाल पाहण्यासाठी कोळ्याला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते.