सुतळी आणि सावली

सोलापूर-धुळे रस्त्यावर वाशी तालुक्यातलं तेरखेडा ओळखू येतं ते फटाक्यांच्या पाट्यांवरून. मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात गावाला. लहानपणी दिवाळीच्या आधी वडिलांबरोबर इथं यायचो. त्यांची भावात घासाघीस चाले तोवर आम्ही रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून राहायचो. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे, त्यांना टेकलं की चड्डी पांढरी. रस्ता चौपदरी झाला आणि लिंब गेला. यंदा मुलाला ती जागा दाखवायला गेलो, तर जुनी कडच सापडेना.

त्या लिंबाची नोंद कुठं असेल? शहरात असता तर 1975च्या कायद्यानं दर पाच वर्षांनी वृक्षगणनेत आला असता. 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. पण तो कायदा नागरी भागाचा. तेरखेड्याची बाजारपेठ शहराची, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

मग वरून पाहावं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहचित्रांवरून दर दोन वर्षांनी अहवाल काढते. त्यात तेरखेड्याच्या धाराशिव जिल्ह्याचं वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत. हेक्टरभर सलग झाडी असेल तरच ती या हिशेबात येते. बांधावरच्या, रस्त्याकडेच्या झाडांचा वेगळा, नमुना पाहणीवरून अंदाज. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जुन्या लिंबाचा डेरा जेमतेम त्यात बसावा. पण ठिपक्याला वेडी बाभूळही हिरवी आणि शेतातली तूरही हिरवीच. शिवाय देहरादूनवाले चित्रं घेतात ती ऑक्टोबर ते डिसेंबरची. ढग नसतात, पानगळ व्हायची असते. कारण रास्तच आहे. पण ऐन दिवाळीत आपला मुलूखही कोकणासारखा दिसतो हो! चैत्रात बघा म्हणावं.

आम्ही तरी चैत्रातच मोजायचं ठरवलंय. या अंकाच्या शेवटच्या पानावर रकाने आखलेत: झाड, जागा, छातीइतक्या उंचीवरचा घेर, तारीख. पान कापून ठेवा, पाडव्यानंतर भरा, पुढच्या चैत्रात पुन्हा त्याच झाडापाशी जा. घेर मोजायला टेप नसला तर सुतळी चालेल. बाँबला गुंडाळून उरलेली तेरखेड्यात कुणाच्याही घरी मिळेल.